जादा शिधा

वानवडीच्या पत्त्यावर मुख्यालयाचं पत्र आलं:
कोअरचा युद्धेतिहास पुन्हा छापत आहोत,
आपण त्या वेळी हवालदार क्लार्क होता,
आठवणी कळवाव्यात. शब्दमर्यादा दोनशे.

एका रात्रीच्या सिग्नलांची नुसती नोंद
याहून लांब व्हायची.

पणतू विचारतो, कोअर म्हणजे काय?
तीन डिव्हिजन, बाळा. पन्नास-साठ हजार माणसं,
आणि त्यांच्या बऱ्याच पाठीमागं, आंब्याच्या राईत
एक तंबू, जिथं गोळी कधी आली नाही.
त्या तंबूत मी.
मला लढाईत लागलं ते कार्बनचं काळं, बोटांना.

जुन्या इतिहासात बाण आहेत.
तांबडे, जाड, नदी ओलांडून जाणारे.
ते पेरुमाळचे. रास्ता पेठेतला पोरगा, डावखुरा,
जीभ दातांत धरून रेघ ओढायचा
आणि चुकली की अस्सल पुणेरी शिवी द्यायचा.
सरकारी तांबडी पेन्सिल पाचव्या दिवशी संपली.
पुढचे सगळे बाण
त्यानं ईस्ट स्ट्रीटवरून रजेत आणलेल्या पेन्सिलीचे.

नकाशावर पारदर्शक कागद, कागदावर पलटणी.
पलटण हलली की स्पिरिटचा बोळा फिरवायचा,
नव्या जागी नवी खूण.
एका पहाटे साहेब म्हणाले, ही पुसून लहान कर.
पेरुमाळ म्हणाला, हलली कुठं, साहेब?
जनरेटर तेवढा बोलत होता.
त्यानं पुसली.

आदल्या संध्याकाळी त्याच पलटणीच्या शिध्याची
मागणी मी टाइप केली होती: आठशे बारा.
रात्री नदीवर जे झालं
ते छापील इतिहासात दीड ओळीत आहे,
'कडव्या प्रतिकारानंतर पैलतीर हाती आला.'
सकाळी आकडा आला: सातशे त्रेचाळीस.
तोवर ट्रक निघून गेले होते.
एकोणसत्तर माणसांचं पीठ, डाळ, गूळ, चहापत्ती,
विड्या, काड्यापेट्या,
सगळं बिनचूक मोजून
नदीपर्यंत पोचलं.

लढाई संपली. पदकं वाटली. पेरुमाळ बदलून गेला.
आणि आठ महिन्यांनी पुण्याहून,
हिशेबाच्या कचेरीतून, हिरव्या शाईत आक्षेप:
'एकोणसत्तर शिधा जादा उचलल्याचे दिसते.
खुलासा करावा.'
साहेब भडकले. म्हणाले, चुलीत घाल.
मी घातला नाही.
त्या एकोणसत्तरांचा आकडा धरून
काही विचारणारा
तो एकटाच निघाला होता.

तीन कोरे कागद वाया घालवले.
चौथ्यावर एकच ओळ:
'मागणी केली त्या वेळी माणसे हयात होती.'

उत्तर आलं: 'खुलासा मान्य. आक्षेप मागे.'
खाली सही, न. भि. खळदकर, लेखापाल.
सहीच्या आधी शाई थोडी पसरलेली,
पेन बराच वेळ तिथं टेकलं असावं.
किंवा कागद हलका असेल.

निवृत्त होऊन इथं आलो.
बस गोळीबार मैदानावरून जाते. वर्षानुवर्षं गेली.
एकदा उतरलो. आत विचारलं, खळदकर?
कोण खळदकर, म्हणाले, मग एक म्हातारा शिपाई
म्हणाला, ते होय, त्यांचं टेबल इथं होतं,
आणि बोट दाखवलं ते पाण्याच्या कूलरकडं.
आलोच होतो, पाणी प्यालो.
साखळीला बांधलेला पेला, गार पाणी.

काल त्या कॅप्टन मुलीचा फोन आला,
इतिहासाचं काम तिच्याकडं आहे.
आवाज गोड, घाईतला.
अंकल, तुमचे दोनशे शब्द राहिलेत.
काहीतरी शौर्याचं सांगा ना.

म्हटलं, लिही: ट्रक वेळेवर निघाले होते.
ती थांबली. एवढंच?

म्हटलं, जागा उरली तर आणखी एक लिही.
ती तांबडी पेन्सिल
सरकारी नव्हती.